चाळीस मिनिटं न हलता

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणतात. नाव बाबांनी ठेवलं. तो सात वर्षांचा असताना त्यानं घरातलं चालू घड्याळ दुरुस्त केलं आणि ते कायमचं बंद पडलं, त्या दिवशी. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, रंगाच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात साहेब आहे, आणि नाव अजून अंगाला बसतं.

प्रोग्रामिंग त्याला कुणी शिकवलेलं नाही. लोक फावल्या वेळात पत्ते कुटतात, हा कोड लिहितो. सुरुवातीला तो स्वतःच्या घरात प्रयोग करायचा. न्हाणीघरात त्यानं असा दिवा बसवला, की आत पाच मिनिटं कुणी हललं नाही तर तो आपोआप विझावा. एका संध्याकाळी माझी भावजय दमून आली आणि बादलीत पाय सोडून डोळे मिटून जरा स्वस्थ बसली. दिवा गेला. घाबरून उठताना बादली लवंडली, ती घसरली, आणि बाहेर येऊन जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून खटपट्यानं कानाला खडा लावला. म्हणजे प्रयोग थांबवले असं नाही, ते आमच्या घरी आणले.

आमचं घर म्हणजे मी आणि बाबा. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, सकाळी नऊ ते दोन. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी काळ्या कापडामागे उभं राहून लोकांना "हलू नका" म्हटलं. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ते चौकटीची काठी धरून खोलीतल्या खोलीत फिरतात. डोकं मात्र एकदम शाबूत. माझ्यापेक्षा जास्त.

खटपट्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. बसनं पन्नास मिनिटं. एक रविवार सोडून एक रविवार यायचा, पण यायचा तो हत्यारांची पेटी घेऊन. आला की शिडीवर. बाबा काठीच्या चौकटीला टेकून, शिडी धरून खाली उभे. त्यांनी वर बघून काही विचारलं की हा म्हणायचा, "एक मिनिट हं बाबा, ही तार लावतो." मग पेचकस मागायचा. बाबा पेचकस द्यायचे. दोन तासांनी हात धुऊन चहा पिऊन जायचा, आणि बाबा मला सांगायचे, "आज बराच वेळ होता तो."

त्यानं टाळी वाजवली की लागणारा दिवा बसवला. बाबांना खोकला आहे. एक उबळ आली की दिवा लागायचा, दुसरी आली की विझायचा, महिनाभर आमच्या घरात जत्रा चालू होती. मग कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र आलं. त्या यंत्रानं कुंडीतलं झाड बुडवून मारलं आणि पुढे तीन आठवडे मेलेल्या झाडाला वेळच्या वेळी पाणी घातलं. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हणायचे. बाबा म्हणायचे, "असू दे गं. त्या निमित्तानं येतो तरी."

एवढंच त्यांना हवं होतं. त्यानं यावं, नाहीतर निदान फोन करावा. स्वतःहून त्यांनी माझ्या मोबाईलवरून त्याला दोनदा फोन करून बघितला होता. दोन्ही वेळा फोन कटला आणि त्यावरच निरोप आला, "मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो." बाबांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, "बरं बाळा, सवडीनं कर." लगेच परत निरोप आला, "मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो." मला कळलं की हे यंत्र बोलतंय. बाबांना मी सांगितलं नाही. ते म्हणाले, "किती काम असतं बिचाऱ्याला, दोन-दोनदा लिहितो." त्यानंतर त्यांनी फोन केला नाही.

मग ती डबी आली. काड्यापेटीएवढी, पांढरी, बाबांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, कोपऱ्यात. समोर काही हललं की तिच्यातला लाल ठिपका चमकायचा. खटपट्यानं आम्हा दोघांना खुर्चीवर बसवून समजावलं. मी कामावर असते त्या वेळात, म्हणजे नऊ ते दोन, खोलीत सलग चाळीस मिनिटं काहीच हललं नाही, तर त्याच्या मोबाईलवर घंटा वाजणार. मग तो घरच्या फोनवर फोन करणार. बाबांनी उचलला नाही तर शेजारच्या शिंपिणीला फोन, तिच्याकडे आमची किल्ली असते.

खरं सांगते, मला ही डबी आवडली होती. मी काच घासताना मला रोज अकराच्या सुमारास धास्ती वाटायची, की बाबा पडले तर नसतील ना. डबी लागल्यावर ती धास्ती गेली. त्या एका गोष्टीसाठी मी भावाचे आभारही मानले, आणि ते मी सहसा करत नाही.

पहिल्याच आठवड्यात बाबांना खुर्चीत डोळा लागला. चाळीस मिनिटं झाली, तिकडे घंटा वाजली, इकडे फोन. खटपट्या धापा टाकत होता म्हणे. बाबा बरे आहेत कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग तो बोलत बसला. वीस मिनिटं. बाबांनी पडदा रंगवून स्टुडिओत समुद्र केला होता आणि ह्यानं त्यात पाय बुडवायला जाऊन पडदा फाडला होता, ते सगळं निघालं. मी दोनला घरी आले तर बाबांनी दारातच सगळं संभाषण म्हणून दाखवलं. दोघांच्याही आवाजात.

पुढच्या आठवड्यात असे तीन फोन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज. मला वाटलं, बाबांना ग्लानी येतेय. डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतलं, काही निघालं नाही.

मग एक दिवस दुकानातलं काच घासायचं यंत्र बिघडलं आणि मी पावणेअकरालाच घरी आले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर घड्याळावर. "बाबा," मी म्हटलं. उत्तर नाही. "बाबा!" काही नाही. मी पुढे धावणार, एवढ्यात ओठ न हलवता, दातांमधून आवाज आला.

"तिथेच थांब. हलू नकोस. सहा मिनिटं राहिलीत."

मी दारातच थांबले. हातात पिशवी, एक चप्पल पायात, एक बाहेर. सहा मिनिटं. मला नाकावर खाज सुटली होती, पण बाबांची नजर अशी होती की बोट उचलायची छाती झाली नाही. फोन वाजला. बाबांनी दोन घंटा वाजू दिल्या, घसा साफ केला आणि मग उचलला. "अरे? काही नाही रे, जरा पेंगत होतो. तू कसा आहेस?"

फोन झाल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. ते हसत होते. "चाळीस वर्षं लोकांना हलू नका म्हटलं," ते म्हणाले, "तेव्हा ह्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तो लाल ठिपका विझला की मी मोजायला लागतो. पहिली दहा मिनिटं अवघड. नंतर अंग आपलं राहत नाही."

"आणि तो तिकडे काळजीनं मरतो, त्याचं काय?"

"तेवढी करू दे की. माझी तेवढीच फी."

मग गंभीर होऊन म्हणाले, "त्याला सांगू नकोस. शपथ आहे तुला." मी सांगितलं नाही. एकतर शपथ, आणि दुसरं म्हणजे मला आतून बरं वाटत होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एका म्हाताऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या खाली उतरवलं होतं.

पाच-सहा आठवडे असे गेले. बाबांनी रोज सकाळी दाढी करायला सुरुवात केली. फोनवर दाढी दिसत नाही, असं मी म्हटलं तर म्हणाले, "आवाजात दिसते."

एका रविवारी खटपट्या लॅपटॉप घेऊन आला. त्यानं पडद्यावर आलेख दाखवला. डोंगर, डोंगर, आणि रोज अकराच्या आसपास एक सपाट मैदान. "हे बघ ताई. रोज. ह्या सगळ्या खोट्या घंटा आहेत. माझी रोजची बैठक अकराला असते. रोज मी उठून बाहेर जातो. काल मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या घरी रोज अकराला आग लागते का?"

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

खटपट्यानं मग चूक सुधारली. खुर्चीच्या गादीखाली एक पातळ पट्टी घातली. बाबा खुर्चीत बसले असले की पट्टीला कळणार, मग ते हलले नाहीत तरी घंटा नाही. आणि खुर्ची रिकामी असेल तर चाळीसच्या जागी दीड तास थांबायचं. "आता नाही त्रास देणार ती तुम्हाला," तो बाबांना म्हणाला. "मनसोक्त झोपा."

"छान केलंस," बाबा म्हणाले.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी नाही. मी दोनला आले की बाबा विचारायचे, "तुझ्या मोबाईलवर काही निरोप?" दाढी बुधवारपर्यंत टिकली.

शुक्रवारी मी दार उघडलं तेव्हा ते जमिनीवर होते. पलंग आणि काठीची चौकट यांच्या मध्ये, पाठ पलंगाला टेकवून, पाय पसरून. कोपर सोललं होतं. खुर्ची सोडून ते साडेअकरापासून पलंगाच्या कडेवर बसले होते, पाठीला आधार नाही, न हलता. पाय बधिर झाला आणि ते घसरले. आणि घसरण्याला त्या डबीनं हालचाल म्हटलं. माणूस हलला, म्हणजे बरा आहे, मोजणी पुन्हा शून्यापासून.

मी त्यांना उठवत होते आणि ते मला सांगत होते, "पाचच मिनिटं राहिली होती गं. ऐंशीच्या वर झाली होती. सगळं फुकट गेलं."

मी कोपर धुतलं, पट्टी बांधली, आणि शपथ मोडून भावाला फोन केला. त्यानं कट केला. मी परत केला. पाचव्यांदा उचलला. बाबा पडले म्हटल्यावर तो आधी घाबरला, मग कसे पडले ते ऐकून म्हणाला, "म्हणजे पडणंच हालचाल म्हणून धरलं गेलं! ताई, केवढी मोठी चूक, माझ्या लक्षातच आली नाही."

"चूक ती नाही रे गाढवा," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. अकराचं मैदान कशाचं होतं ते. घड्याळाचं, दाढीचं, सगळं.

मागे कारखान्यात कुणीतरी ट्रकवाल्याला शिव्या देत होतं. मग तो हळूच म्हणाला, "मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"तुझं यंत्र मीटिंगमध्ये होतं."

तो रडत होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते, नाक ओढण्याचा आवाज मला कळतो. "मला आठवडाभर दे ताई," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी." मी मनात म्हटलं, सुटले. चार पावसाळे जास्त पाहिल्याचा मला फार अभिमान आहे, पण त्या वेळी मी अगदी मूर्खासारखी खूश झाले. त्यानं दोन दिवस सुट्टी काढल्याचं भावजयीकडून कळलं तेव्हा तर मी पलंगावरची चादरही बदलली.

सुट्टीच्या दोन्ही दिवशी तो आला नाही. रविवारी आला. शिडी मागितली नाही, बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसला, त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला. "आता रोज फोन येईल. पंचवीस मिनिटं तुम्ही शांत बसलात, खुर्चीत काय, पलंगावर काय, की फोन. नऊ ते दोन, कधीही. चुकणार नाही."

"आणि तुझी बैठक?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी तिथून उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"बैठकीचा प्रश्नच नाही. ऐका तर." त्यानं लॅपटॉपवर काही दाबलं, आणि आमचा फोन वाजला. बाबांनी उचलला. खटपट्या समोर ओठ मिटून बसला होता आणि फोनमधून खटपट्याचाच आवाज येत होता. "बाबा, मी बोलतोय! काय करताय? पाय कसा आहे?"

दोन दिवस त्यानं घरात दार लावून स्वतःचा आवाज भरला होता. एकशे साठ वाक्यं. बाबा बोलायला लागले की यंत्र थांबणार, ते थांबले की पुढचं वाक्य. मध्ये "हो का?" आणि "अरे वा!" सुद्धा. समुद्राच्या पडद्याची गोष्टही त्यात घातली होती, हसण्यासकट.

"सगळा माझाच आवाज आहे," तो म्हणाला. "खराखुरा."

बाबा फोनकडे बघत होते. मग म्हणाले, "बरीच मेहनत घेतलीस."

जिन्यात मी त्याला गाठलं. "दोन दिवस सुट्टी होती तुला. पन्नास मिनिटांची बस आहे. आला का नाहीस?"

"आलो असतो तर दोनच दिवस झाले असते ताई," तो म्हणाला. "हे रोज चालेल."

त्याचे डोळे लाल होते आणि तो मनापासून बोलत होता. लबाड माणसाला चार शब्द सुनावता येतात. ह्याला काय बोलणार? मी नुसती कठड्याला धरून उभी राहिले आणि तो उतरून गेला.

सोमवारी मी रजा घेतली. बाबा वर्तमानपत्र ठेवून शांत बसले. पंचवीस मिनिटांनी फोन आला. त्यांनी उचलला, आणि मला ऐकू यावं म्हणून कानापासून थोडा दूर धरला.

"बाबा, मी बोलतोय! जेवलात का?"

"अजून नाही रे."

"अरे वा!"

"बाळा," ते म्हणाले, "काल कोपर दुखत होतं."

"हो का? इकडे सगळं छान चाललंय. तुम्हाला तो समुद्राचा पडदा आठवतो का?"

बाबांनी फोन खाली ठेवला. आपटला नाही, कुणी झोपलेलं असावं तसा अलगद ठेवला.

त्या दिवसापासून ते स्वस्थ बसत नाहीत. खुर्चीच्या हातावर एक रुमाल ठेवलाय. घड्याळाकडे बघतात, वीस मिनिटं होत आली की रुमाल उचलून डबीसमोर हलवतात. लाल ठिपका चमकला की रुमाल खाली. वाचता वाचता, जेवता जेवता. दुपारी झोपत नाहीत, कारण झोप लागली तर फोन येईल. मी म्हटलं, तार काढून टाकते, एका क्षणाचं काम आहे. ते म्हणाले, "नको. एवढं केलंय त्यानं. वाईट वाटेल त्याला." आणि मला पुन्हा शपथ घातली. ह्या वेळी मी ती मोडली नाही. मोडून काय झालं होतं ते मी बघितलं होतं.

तीन आठवड्यांनी, मी नुकतीच कामावरून येऊन भाजी चिरत होते, तेव्हा घरच्या फोनची घंटा वाजली. बाबांनी दचकून डबीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. दोन वाजून गेले होते. ते उचलेनात, म्हणून मी हात पुसत येऊन उचलला.

"ताई! आलेख बघितलास का तू?" खटपट्या होता, खरा, मागे ट्रकांचे आवाज. "बाबांची हालचाल तिप्पट झालीय! दर वीस मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखी! एक सपाट जागा नाही. आणि पहिल्या दिवसाचा सोडला तर फोन एकही गेलेला नाही, गरजच पडली नाही! मी सगळं छापून ठेवलंय, डॉक्टरांना दाखव. माणसाला आधार मिळाला की फरक पडतो, मी म्हणत होतो ना?"

बाबा माझ्याकडे बघत होते. "कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"तोच आहे. घ्या, बोला."

"खरा का?"

"खरा, बाबा. घ्या पटकन."

त्यांनी रुमाल खुर्चीच्या हातावर ठेवला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि हात पुढे केला. फोन माझ्या कानालाच होता.

"बरं ताई, ठेवतो, बैठकीला बोलावतायत," तो म्हणाला. "बाबांना सांग, असंच चालू ठेवा म्हणावं."

बाबांचा हात अजून पुढेच होता. मी त्यात फोन दिला नाही. दुसरं काय करावं ते न कळून मी तो हात हातात धरला, आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका चमकला.